न दुखणारी जखम

एकविसाव्या दिवशी हेमलता मेस्त्रीने पहिल्या कलमाची प्लास्टिकची टोपी काढली आणि आत वाळकी काडी दिसली. असू दे, एखादी जाते. दुसरी टोपी काढली, तीही वाळकी. दहाव्या टोपीपर्यंत ती गप्प होती. पंचविसावीनंतर तिने टोप्या काढायच्या सोडून फाडायला सुरुवात केली. दुपार कलायच्या आत तिने बांधलेली बाराशेच्या बाराशे रातांब्याची कलमं उघडी पडली, आणि त्यांतली जिवंत निघाली एकोणतीस.

चाळीस वर्षं ही बाई कलमं बांधत होती. शंभरातली पंच्याण्णव धरायची. 'हेमलतेनं केरसुणीच्या हिराला कलम बांधलं तरी पालवी फुटेल,' असं कोळंबवाडीत म्हणायचे. ते बोलणं कानावर आलं की ती मुद्दाम ऐकू न आल्यासारखं करायची, म्हणजे समोरचा पुन्हा एकदा म्हणायचा. एवढा अभिमान माणसाला असावाच. आता त्याच अभिमानाची बाराशे लाकडं समोर उभी होती.

कलमं बांधायची यंत्रं एव्हाना सगळीकडे झाली होती. आंबा, काजू, टोमॅटो, काय वाटेल ते ती बांधायची. फक्त रातांबा, ज्याचं कोकम होतं तो, त्यांना बधला नव्हता. त्याचा पिवळा चीक पात्यांना चिकटायचा आणि तासाभरात यंत्र रुसून बसायचं. म्हणून कुडाळपासून आठ मैलांवरच्या या शेडमध्ये अजून अठरा बायका मांडीवर फळकूट घेऊन बसत होत्या. बियाण्यापासून वाढवलेल्या रोपाचा शेंडा उडवायचा, त्या खुंटाला मधोमध चीर द्यायची, चांगल्या झाडाच्या काडीला पाचरीसारखं तासून त्या चिरेत बसवायचं, वर पट्टी आवळायची आणि टोपी घालायची. मग दोन जखमा एकमेकींना ओळखतात आणि एक झाड होतं. नाही ओळखलं, तर काडी वाळते.

आणि या कलमांना मागणी कुणामुळे आली? तर हेमलतेच्या जावयामुळे. म्हणजे बाराशे कलमांची लाज बाहेर जाणार होती ती थेट व्याह्यांच्या घरी.

जावई मकरंद वाळिंबे पुण्याचा. दिवाळसणाला आला तेव्हा सासूने दिलेली अंगठी तो उशाखाली विसरून गेला आणि परसातल्या रातांब्याची तांबूस कोवळी पानं मात्र आठवणीने डब्यात भरून घेऊन गेला. वाडीतले लोक खोकल्याला, पोटाला त्या पानांचा काढा घ्यायचे, तेवढं त्याने ऐकलं होतं. पुढच्या खेपेला त्याने हेमलतेच्या ओट्यावर दोन काचनळ्या मांडल्या. दोन्हींत जांभळं पाणी होतं. एकीत त्याने पानांचा अर्क टाकला आणि जांभळं पाणी बघता बघता पिवळं झालं.

"आई, आपण श्वास घेतो त्या प्राणवायूचे काही कण शरीरात बिथरतात," तो म्हणाला होता. "वळू सुटल्यासारखे जे भेटेल त्याला शिंगं मारतात. पेशी झिजतात, सांधे धरतात, म्हातारपण येतं. लोखंड गंजतं ना, तसंच. पानांतली काही द्रव्यं या कणांना शांत करतात. त्यांनाच अँटिऑक्सिडंट म्हणतात. चहात असतात, आवळ्यात असतात. पण ती एका कणाला शांत करतात आणि स्वतः खलास होतात. तुमच्या झाडाचं द्रव्य खलास होत नाही. ते पेशीतल्याच ऊर्जेवर पुन्हा ताजं होतं आणि पुन्हा कामाला लागतं. अंगात गेलेलं आठवडाभर राबतं."

त्याची गोळी झाली. नाव 'अगंज'. आता पाच वर्षांनी चाळीस लाख माणसं ती रोज घेत होती. मनगटावरच्या पट्टीत प्रत्येकाचा गंजांक दिसायचा, आणि पूर्वी लोक जशी पोरांच्या परीक्षेतल्या टक्क्यांची चौकशी करायचे, तशी आता एकमेकांच्या गंजांकाची करायचे. जितका कमी तितका चांगला. हेमलतेचा अकरा होता. वर्षभर तिचे गुडघे दुखले नव्हते. मकरंदच्या कंपनीने मळ्यासाठी कलमं मागवली तेव्हा शेडमधल्या बायकांनाही वर्षभराच्या गोळ्या भेट दिल्या होत्या.

"माझ्या हाताचो गुण गेलो," हेमलता त्या दुपारी स्वतःशीच बोलली आणि शेडभर फेऱ्या मारत राहिली. इतर बायकांची कलमंही गेली होती. त्याने मन थोडं निवलं, हे कबूल करायला हवं. मग ती सगुणा परबच्या वाफ्याशी आली आणि जागीच थबकली.

सगुणाची कलमं हिरवीगार होती. शंभरातली नव्वद तरी धरली होती.

ही सगुणा म्हणजे शेडमधली सगळ्यांत धांदरट बाई. तिची पट्टी सैल, तिची पाचर वाकडी. दर वर्षी हेमलता तिला शिकवायची आणि दर वर्षी हात टेकायची.

"सगुणे, खरा सांग, तू काय वेगळा केलंस?"

"मी? काय नाय गो! तूच शिकवलंस तसा बांधलंय." सगुणा चोरी पकडल्यासारखी घाबरली. "चाकू तोच, खुंट तेच. काडये तुझ्याच परसातल्या झाडाचे."

हेमलतेने तिला समोर बसवून दहा कलमं बांधायला लावली. सगुणाने काड्या तासल्या आणि त्यांतल्या चार-पाच ओठांत धरल्या. त्यात नवल नव्हतं. सगळ्याच तशा धरायच्या. हातात चाकू आणि खुंट असतो, तासलेली काडी खाली ठेवली तर तिचं टोक सुकतं, म्हणून बायका ती स्वतःच्या तोंडात ओली ठेवतात. हेमलतेच्या आईने असंच केलं होतं आणि तिच्याही आईने.

"मगे अशी कशी तुझीच धरली?" हेमलता जवळजवळ ओरडलीच.

"माका काय ठावक! माझो गंजांक बघ, एकाहत्तर. तुमच्यासारखी मी गोळी घेणय नाय. माका ती सोसणा नाय, पित्त उसळता. माझ्या वाटच्यो गोळये मी जावेक देतंय."

हेमलतेने चाकू पुसून पिशवीत टाकला. घरी गेली, पण तिला बसवेना. चहा टाकला आणि उतू घालवला. तुळशीला पाणी घालायला गेली आणि घागर तिथेच विसरून परत आली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती शेडमध्ये गेली आणि पन्नास काड्या नेहमीसारख्या तोंडात धरून बांधल्या. पुढच्या पन्नास तिने ओल्या फडक्यात ठेवल्या आणि मग बांधल्या. खुंट एकाच वाफ्यातले, चाकू एकच, हात एकच.

पालवी फुटायला तीन आठवडे लागतात, पण जुन्या हाताला तेवढं थांबावं लागत नाही. नवव्या दिवशी, तेवीस मार्चला, तिने दोन्हींतली काही कलमं सोडून पाहिली. फडक्यातल्या काड्यांच्या चिरेत साबुदाण्यासारखे पांढरे दाणे धरले होते. झाडाची जखम भरून येते ती अशी. तोंडातल्या काड्यांची चीर मात्र कालच कापल्यासारखी कोरी होती. ना दाणा, ना डाग. जणू काडीला आपण कापले गेलो हे कळलंच नव्हतं.

ती ते कलम उन्हात धरून बघत होती, आणि बघता बघता तिची नजर ते धरलेल्या अंगठ्यावर गेली.

फेब्रुवारीत बांधताना चाकू लागला होता. कलमवाल्या बाईच्या बोटांना चाकू लागायचाच. तीन दिवसांत खपली धरते, आठवड्यात विसरायला होतं. ही चीर पाच आठवड्यांची होती आणि अजून उघडी होती. दुखत नव्हती, सुजली नव्हती, लालसुद्धा झाली नव्हती. दुखत नाही म्हणून तिने लक्ष दिलं नव्हतं. अगदी त्या काडीसारखी कोरी.

माझ्या तोंडात जे आहे ते काडीला जुळू देत नाही. तोंडात आहे ते रक्तातही असणार. हेमलतेचा विचार एवढ्यापर्यंत आला आणि मग एकदम घराकडे धावला. घरी तिची लेक जुईली होती. आठवा महिना, पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. वार खाली सरकली होती, म्हणून डॉक्टर रेडकरांनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की पोट कापूनच मूल काढावं लागेल. वीस एप्रिल ही तारीखही दिली होती. आणि जुईली गोळी घेत होती ती पहिल्या दिवसापासून. गोळीच्या जाहिरातीत नवऱ्याशेजारी हसत उभी होती ती तीच.

हेमलता चप्पल न घालताच घरी निघाली.

"ती गोळी आजपासून घेव नको," तिने दारातूनच सांगितलं.

जुईली झोपाळ्यावर पाय सोडून बसली होती. आधी ती हसली. मग आईने कलमं दाखवली, अंगठा दाखवला, तेव्हा तिचं हसू मावळलं, पण त्या जागी भीती आली नाही, राग आला.

"आये, तुझी कलमा मेली म्हणान तू त्याच्या पाच वर्षांच्या कामार बोट ठेवतंस? पट्टी सैल बांधली असतलंस."

चाळीस वर्षांत हेमलतेला कुणी असं म्हटलं नव्हतं. तिने गिळलं. "तुझ्या घोवाक फोन लाव."

जावयाशी ती नेहमी पुस्तकी मराठी बोलायची. शब्द निवडून, पदर सावरून. मकरंदने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हा त्याचा गुण होताच.

"आई, थुंकीत शंभर प्रकारची द्रव्यं असतात. बुरशी असू शकते, जंतू असू शकतात. झाड आणि माणूस यांत फरकही आहेच की. आम्ही तीन हजार माणसांवर चाचण्या केल्यात."

"त्यांपैकी किती जणांना कापलं होतं?"

"म्हणजे?"

"चाकू लागला होता का कुणाला? ऑपरेशन झालं होतं?"

"निरोगी माणसं होती ती. आजारी, ऑपरेशन झालेली आम्ही घेतच नाही चाचणीत."

"तुम्ही एकदा येऊन बघा, जावईबापू."

"पंधरा एप्रिलला परदेशातली मंजुरी आहे, आई. ती झाली की येणारच आहे ना. जुईला उगाच घाबरवू नका." आणि तो तसा वाईट माणूस नव्हता, म्हणून शेवटी म्हणाला, "तुमच्या गुडघ्यांची काळजी घ्या."

हेमलतेने त्याच दिवशी स्वतःची गोळी बंद केली. जुईलीच्या डबीत तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या गोळ्या भरून ठेवाव्या, हा विचार तिच्या मनात आला. संध्याकाळपर्यंत तो विचार तिने सोबत वागवला, आणि मग सोडला. कधी बंद केली, किती दिवस झाले, हे डॉक्टरला खरं सांगता आलं पाहिजे, आणि पोरीला फसवून तिचा जीव वाचवला तर पुढे ती आपल्या हातचं पाणी तरी पिईल का? पण गप्प बसवतही नव्हतं. तेव्हा तिने तेच केलं जे तिला करता येत होतं. कलमाचा हंगाम कधी साधेल हे कळत नसलं, की जुने लोक दर तिसऱ्या दिवशी एकेक कलम बांधून बघतात. कुठल्या दिवसाचं धरलं ते पाहायचं आणि मग बाकीची बांधायची.

तिने चाकू उकळून घेतला, स्पिरिटने पुसला आणि डाव्या दंडावर भाताच्या साळीएवढी चीर दिली. तिसऱ्या दिवशी तिच्याखाली दुसरी. सहाव्या दिवशी तिसरी. पोलक्याची बाही लांब होती.

पहिल्या तीन चिरांना काहीच झालं नाही. त्या नुसत्या होत्या, एखाद्या भिंतीवर रेघ मारावी तशा. हेमलता रोज सकाळी खिडकीशी उभी राहून त्यांच्याकडे बघायची आणि बाही खाली ओढायची. चौथीचंही तेच. तिकडे दिवस पळत होते. जुईली बाळाची दुपटी शिवत होती आणि रोज जेवणानंतर आईकडे न बघता गोळी घेत होती. मायलेकी एका घरात राहून मीठ-भाकरीपुरतं बोलत होत्या.

नऊ एप्रिलला सकाळी जुईली न्हाणीघरात टॉवेल द्यायला आली आणि तिला आईचा दंड दिसला.

"आये! ह्या काय ता?" टॉवेल तिच्या हातातून पडला. "तू... तू हात कापून घेतंस?"

"येडी नाय झालंय. बस हय. मोज."

जुईली रडत रडत न्हाणीघराच्या पायरीवर बसली. पोट आड येत होतं, तरी वाकून बघू लागली. सहा चिरा होत्या. वरच्या चार फिकट, कोरड्या, उघड्या. पाचवीच्या कडेला जरा गुलाबी रंग चढला होता. सहावी, गोळी सोडल्यावर पंधराव्या दिवशी दिलेली, लालबुंद होती, सुजली होती, आणि तिच्यावर खपली धरू लागली होती. जुईलीने तिला बोट लावलं तशी हेमलता कळवळली.

"दुखता?"

"दुखता," हेमलता म्हणाली. "ही एकच दुखता."

 जुईली मनात हिशेब करत होती आणि हेमलतेला तो चेहऱ्यावर दिसत होता. शरीर पुन्हा शुद्धीवर यायला पंधरा दिवस. वीस तारखेला उरले होते अकरा.

"आये, मी तुका सैल पट्टी म्हटलंय," जुईली म्हणाली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. त्या दिवसापासून तिने गोळी सोडली. नवऱ्याला तिने फोन केला तो एवढंच सांगायला: "उद्या ये. मंजुरी गेली खड्ड्यात."

मकरंद आला. सासूने बाही वर केली. त्याने दंड उजेडाकडे वळवला, वरून खाली एकदा बघितलं, खालून वर एकदा बघितलं, आणि ओटीवरच्या बाकावर मटकन बसला.

"कान," तो म्हणाला.

"काय?" जुईलीने विचारलं.

"उंदरांचे कान. कुठला उंदीर कितवा हे कळावं म्हणून आम्ही त्यांच्या कानाला बारीक भोकं पाडतो. भोकं काही आठवड्यांत आवळत जातात, नंबर वाचता येत नाहीत, पुन्हा पाडावी लागतात. वैताग असतो. गोळी दिलेल्या उंदरांची भोकं मात्र आवळलीच नाहीत. वर्षभर जशीच्या तशी." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आम्ही खूश होतो गं. नंबर किती स्वच्छ वाचता येतात म्हणून मी लॅबमधल्या मुलांना पेढे दिले होते."

मग तो सांगू लागला. सासूला नव्हे, बायकोला नव्हे, बहुतेक स्वतःलाच. बिथरलेले कण म्हणजे नुसते वळू नव्हेत. कुठे कापलं, की त्या जागच्या पेशी काही मिनिटांत मुद्दाम असे कण सोडतात. ती हाक असते. ती ऐकून रक्तातले शिपाई धावतात, कातडी सरकायला लागते, जागा लाल होते, दुखते. झाडातही अशीच हाक जाते. म्हणून तर काडी आणि खुंट जुळतात. त्याच्या द्रव्याने सगळ्या कणांना शांत केलं होतं. चोरालाही आणि रखवालदारालाही. घरात आग लागली तरी कुणी ओरडायचं नाही, अशी ती शांतता होती.

"तीन दवाखान्यांची पत्रं आली होती," तो खालच्या आवाजात म्हणाला. "ऑपरेशनचे टाके उसवले म्हणून. वयस्कर पेशंट होते. मधुमेह असेल, असं उत्तर गेलं. माझ्याच विभागातून गेलं."

हेमलतेची पुस्तकी मराठी संपली. "पत्र इलेला आणि तुमी माका गुडघ्यांची काळजी घेवक सांगलात?"

तासाभरात त्याने दोघींना घेऊन कुडाळ गाठलं.

कुडाळच्या डॉक्टर रेडकर कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी दंड पाहिला, मकरंदचं ऐकलं. "वीसच्या पुढे मी थांबू शकत नाही. वार सुटली तर रक्त थांबवताना दोघं हातची जातील. आत न विरघळणारे टाके घालता येतील, रक्त जास्तीचं ठेवता येईल. पण मला हे सहीनिशी लेखी हवं. ज्यानं औषध शोधलं त्याच्या सहीनं."

मकरंदने तिथेच बसून पत्र लिहिलं. जुईलीने ते हातात घेतलं, वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "'सदर निरीक्षण केवळ या रुग्णापुरते मर्यादित समजावे.' हे कित्याक?"

"कंपनीची परवानगी नाही गं. मी एकट्यानं सगळ्यांसाठी लिहिलं तर उद्या मी तिथे नसेन. आधी तुझं होऊ दे. मग बघू."

"बाहेर बाकावर सात बायका बसल्यात. चौघींच्या मनगटावर पट्टी आहे. मी मोजलं." जुईलीने ऑपरेशनच्या संमतीचा कागद त्याच्यापुढे सरकवला. सहीची जागा कोरी होती. "ती ओळ खोडून हे पत्र औषध नियंत्रकाला आणि तुझ्या कंपनीच्या यादीतल्या प्रत्येक डॉक्टरला जाईल, तेव्हा मी इथे सही करीन. त्याच्या आधी नाही."

"जुई, हा तुझ्या जिवाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच."

मकरंदने सासूकडे बघितलं. ही तरी पोरीला समजावेल, असं त्याला वाटलं असावं. हेमलतेचा जीव टांगणीला लागला होता. सही कर म्हणून मुलीचे पाय धरावेत, असं तिला मनापासून वाटत होतं. पण आपल्याच पोटची पोर खरं बोलत असताना तिला गप्प कसं करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

त्याने ती ओळ खोडली. पत्र गेलं आणि जुईलीने सही केली. दोन तासांत त्याचे फोन सुरू झाले आणि संध्याकाळच्या आत बंदही झाले, कारण कंपनीने त्याला काढलं होतं आणि प्रयोगशाळेच्या दाराने त्याची ओळख विसरायचं ठरवलं होतं. वाडीत लोक शिव्या देऊ लागले. 'आमचे गुडघे दुखू लागले ते या मायलेकींमुळे,' असं शेडमधल्या दोघीतिघी तोंडावर म्हणाल्या.

वीस तारखेला मुलगी झाली. अडीच किलोची, ठणठणीत, आकाशपाताळ एक करणारी. आतले टाके धरून होते. पण पोटावरची जखम पाचव्या दिवशीही तशीच होती. फिकट, थंड, खालच्या टोकाला दोन बोटं उघडी. जुईली मजेत बसून पेज पीत होती.

"काहीच दुखत नाही," ती म्हणाली. हेमलतेने डॉक्टर रेडकरांना बोलावून आणलं.

मकरंदने बोटांवर मोजलं. "गोळी सोडून आज सोळा दिवस झाले. रक्त आता तयार असायला हवं. मग भरत का नाही?"

"कारण ती चीर शिळी झाली," हेमलता म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती पदराचं टोक पिळत उभी होती. "तासलेली काडी सुकली, की मागाहून कितीही पाणी घाला, ती जुळत नाही. तिला पुन्हा तासावी लागते. या जखमेनं हाक मारायची तेव्हा हिचं रक्त गोळीखाली होतं. आता मारणार कोण? कडा ताज्या करा, डॉक्टर. पुन्हा कापा."

स्वतःच्या मुलीला पुन्हा कापा म्हणताना तिने जुईलीकडे बघितलं नाही. सहावी चीर आपली होती, ही पोरीची आहे. चुकलं तर जखम वाढेल, जंतू आत जातील, आणि सांगणारी आपण असू.

डॉक्टर रेडकरांनी हातमोजे चढवले. "जुन्या जखमेला आम्हीही असंच करतो," त्या म्हणाल्या. "मी दोन दिवस वाट बघणार होते. नको. आत्ताच करू."

दुपारी त्यांनी जागा बधिर केली, कडा तासून ताज्या केल्या आणि नव्याने टाके घातले. मकरंद मुलीला घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिला. हेमलता एका बाकावरून उठून दुसऱ्यावर बसत होती, दुसऱ्यावरून उठून पहिल्यावर. डब्यातलं जेवण तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आत गेली तेव्हा जुईलीने दोन्ही मुठींत चादर आवळून धरली होती. कपाळावर घाम होता.

"आये... आग पडली हा गो पोटाक. रात्रभर डोळ्याक डोळो नाय. हात लावक देवची नाय."

परिचारिकेने पट्टी अलगद उचलली. जखमेच्या दोन्ही कडा लाल झाल्या होत्या, फुगल्या होत्या, आणि मधे ओलसर चकाकी होती.

"मेलंय गो आये, खूप दुखता!" जुईली लहानपणीसारखी ओरडली.

हेमलतेने तिचं डोकं छातीशी धरलं. महिनाभर अडवून ठेवलेलं रडू तिला आता आवरेना, आणि त्यातच ती हसतही होती. तिचं काय चाललंय हे परिचारिकेला कळेना.

"दुखांदे, बाय," ती म्हणत होती. "रड तू. दुखांदे."